लाईक नको, ऑर्डर मोजा : वाळवणाच्या धंद्यासाठी मोबाईल कसा वापरावा

सातारा जिल्ह्यात माण-खटावपासून जावळी-पाटणपर्यंत उन्हाळा लागला की गच्च्यांवर, पत्र्यांवर, अंगणात धुतलेल्या साड्या अंथरल्या जातात आणि कुरडया, पापड, सांडगे, शेवया, बाजरीच्या खारोड्या वाळायला पडतात. आता हे काम अनेक बचत गट विक्रीसाठी करतात. गव्हाला, उडदाच्या डाळीला, गॅसला पैसे आधी घालावे लागतात. ते बहुतेक वेळा गटाच्या कर्जातूनच येतात. माल मात्र मे महिन्याच्या शेवटापर्यंत गेला नाही, तर मृगाच्या पावसात सादळतो आणि कर्जाचा हप्ता अंगावर येतो.

मोबाईलवर जाहिरात तर सगळेच करतात. रोज सकाळी फुलांचा फोटो, सणाला शुभेच्छा, मधेच 'आमच्याकडे घरगुती पापड मिळतील' असा एक मेसेज. लोक अंगठा दाखवतात, 'खूप छान ताई' म्हणतात, पण ऑर्डर येत नाही. कारण त्या मेसेजवरून समोरच्याला भाव कळत नाही, माल कधी मिळेल ते कळत नाही आणि आपण नेमकं काय करायचं तेही कळत नाही. सोशल मीडिया कामाला लावायचा असेल, तर प्रत्येक मेसेज कुणासाठी आणि कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं. ते कसं करायचं, याची ही माहिती.

पहिला ग्राहक गावचाच, पण गावाबाहेरचा

गावात कुरडई विकत कोण घेणार? घरोघरी तीच घातलेली असते. खरा ग्राहक आहे तो गाव सोडून गेलेला माणूस. जावळी-पाटणची कितीतरी घरं मुंबईत आहेत. माण-खटावचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. पुण्या-पिंपरीत नोकरीला असलेली मुलं-सुना तर प्रत्येक गावच्या आहेत. या लोकांना कुरडई म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना चव माहीत आहे, घालायला गच्ची नाही आणि वेळ नाही.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. गटात दहा जणी असतील, तर प्रत्येकीने बाहेरगावी राहणाऱ्या ओळखीच्या दहा घरांची नावं, शहर आणि नंबर लिहावेत. ही शंभर नावं हाताशी असली, तर अनोळखी हजार लोकांच्या लाईकची गरज पडत नाही.

नंबर कुणाचा?

बऱ्याच गटांचं काम अध्यक्षांच्या मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या मोबाईलवर चालतं. मुलगा शिकायला बाहेर गेला की नंबरही गेला आणि ग्राहकही. त्यामुळे गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्यावं आणि त्यावर 'व्हॉट्सॲप बिझनेस' टाकावं. हे ॲप २०१८ मध्ये आलं, ते मोफत आहे आणि प्ले स्टोअरवर मिळतं. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, हे लक्षात ठेवावं. नंबर नोंदवताना येणारा सहा अंकी कोड कुणालाही सांगू नये. सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून एक पिन ठेवावा आणि तो गटातल्या दोघींना माहीत असावा.

ॲपमध्ये पुढच्या गोष्टी पहिल्याच दिवशी भरून घ्याव्यात.

• प्रोफाईल : गटाचं नाव, गाव-तालुका, काय बनवतो आणि फोन कधी उचलला जाईल ती वेळ. फोटोत देव किंवा फूल नको, माल दिसावा.

• कॅटलॉग : प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन आणि भाव. 'भावासाठी फोन करा' असं लिहू नये. निम्मे लोक तिथेच थांबतात.

• पहिला नमस्कार : नवीन माणसाने मेसेज केला की आपोआप जाणारं उत्तर. उदाहरणार्थ, 'नमस्कार. गटाच्या बायका दुपारी कामावर असतात. संध्याकाळी ६ ते ८ मध्ये नक्की उत्तर देऊ. भाव कॅटलॉगमध्ये आहेत.'

• तयार उत्तरं : पत्ता, पार्सलचा खर्च, पैसे कसे पाठवायचे हे रोज विचारलं जातं. ते एकदाच लिहून ठेवलं की दोन बोटांत पाठवता येतं.

• लेबल : 'नवीन', 'पैसे आले', 'पार्सल पाठवलं' अशी खूण प्रत्येक ग्राहकाच्या नावाला लावता येते. ऑर्डर विसरत नाही.

ग्रुप, ब्रॉडकास्ट की स्टेटस?

न विचारता लोकांना ग्रुपमध्ये घालणं ही सगळ्यात मोठी चूक. शंभर लोकांचा ग्रुप केला की त्यात कुणीतरी राजकारण टाकतं, कुणीतरी कंटाळून बाहेर पडतं आणि एका ग्राहकाची तक्रार बाकी सगळ्यांना दिसते.

त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. यात मेसेज प्रत्येकाला वेगळा, घरचा पाठवल्यासारखा जातो. अट एकच, ज्यांनी गटाचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून पहिल्या फोनवरच सांगावं, 'वहिनी, हा नंबर कुरडईच्या नावाने सेव्ह करून ठेवा.' ब्रॉडकास्ट महिन्यातून दोन-तीनदाच पाठवावा. रोज पाठवला तर लोक ब्लॉक करतात.

स्टेटस रोज टाकलं तरी चालतं, कारण ज्याला बघायचं तोच बघतो. ते २४ तासांनी जातं. कुणी पाहिलं त्याची नावंही दिसतात. चार दिवस सलग कुरडईचं स्टेटस बघणाऱ्या माणसाला 'यंदा लागणार आहे का?' असं एकदा विचारायला हरकत नाही. दुसऱ्यांदा विचारू नये.

चीक काढण्याचे चार दिवस म्हणजे चार दिवसांची जाहिरात

रोज काय टाकायचं हा प्रश्न अनेकांना पडतो. वाळवणाच्या धंद्यात तो पडू नये. गव्हाच्या कुरडईला तीन दिवस गहू भिजत घालतात, रोज पाणी बदलतात. मग गहू वाटून, गाळून चीक काढतात आणि तो रात्रभर निवळू देतात. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी काढून चीक शिजवतात, गरम असतानाच सोऱ्यात भरून कुरडया घालतात आणि कडक उन्हात वाळवतात.

यातली प्रत्येक पायरी एक स्टेटस आहे. पहिल्या दिवशी भिजवलेला गहू. मग पाणी बदलतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. मग पांढराशुभ्र चीक. शेवटी पहाटे चुलीवरचं पातेलं आणि सोऱ्यातून उतरणारी पहिली कुरडई. 'शुद्ध, सात्त्विक, घरगुती, एकदा खाल तर खातच राहाल' हे कुणीही लिहितं. मात्र तीन दिवस पाणी बदललेलं दाखवायला काम खरंच करावं लागतं आणि बघणाऱ्याला ते बरोबर कळतं.

व्हिडिओसाठी महागडा फोन लागत नाही. कॅमेऱ्याची काच पदराने पुसावी, सकाळच्या उजेडात काढावा, मोबाईल उभा धरावा आणि हलवू नये. हात, भांडी, जागा स्वच्छ दिसली पाहिजे. डोक्याला फडकं बांधलेलं असलं तर आणखी चांगलं. सिनेमाचं गाणं लावण्यापेक्षा काम करणाऱ्या बाईने स्वतःच्या बोलीत दोन वाक्यं बोलावीत. गाण्यावर दुसऱ्याचा हक्क असतो, धंद्याच्या व्हिडिओत ते लावलं तर आवाज बंद होऊ शकतो. गटातल्या ज्या बाईला व्हिडिओत यायचं नाही, तिचा चेहरा घेऊ नये.

गहू भिजवण्याआधी ऑर्डर

मोबाईलचा सगळ्यात मोठा फायदा जाहिरातीत नाही, आगाऊ मागणी घेण्यात आहे. आधी माल करून मग गिऱ्हाईक शोधलं तर पैसे अडकतात. आधी मागणी घेतली तर तेवढाच गहू आणावा लागतो.

हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी ब्रॉडकास्टवर असा मेसेज जाऊ शकतो :

'राम राम. यंदाची गव्हाची कुरडई १५ मार्चपासून घालणार आहोत. अर्धा किलो आणि एक किलोची पाकिटं. भाव आणि पुण्या-मुंबईच्या पार्सलचा खर्च खाली दिला आहे. १० मार्चपर्यंत जेवढी मागणी येईल तेवढीच घालू. हवी असल्यास फक्त "कुरडई १ किलो" असं लिहून पाठवा. निम्मे पैसे आधी, निम्मे पार्सल निघताना.'

या मेसेजमध्ये पदार्थ, वजन, भाव, तारीख आणि ग्राहकाने नेमकं काय करायचं, हे सगळं आहे. कोणताही मेसेज पाठवण्यापूर्वी या पाच गोष्टी आहेत का, ते तपासावं.

वर्षभराचा हिशेबही असाच मांडता येतो. उन्हाळ्यात लग्नाच्या रुखवतासाठी रंगीत कुरडया-पापड. आषाढी एकादशी आणि श्रावणाच्या आधी उपवासाचे बटाटा-साबुदाण्याचे पदार्थ. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी. प्रत्येक वेळी मेसेज सणाच्या दिवशी नाही, तीन आठवडे आधी गेला पाहिजे.

कुरडई हलकी, पार्सल जड

भाव ठरवताना गहू, मीठ, गॅस, दळण यांचा हिशेब बहुतेक जणी करतात. स्वतःची मजुरी आणि पार्सल मात्र विसरतात. कुरडईच्या बाबतीत पार्सलचा हिशेब वेगळा आहे. ती वजनाला हलकी, पण जागा खाते. बऱ्याच कुरिअर कंपन्या खोक्याच्या आकारावरून वजन धरतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं असेल तर गुणाकार ३०,००० येतो, ५००० ने भागल्यावर ६ किलो. म्हणजे आत दोनच किलो कुरडई असली तरी पैसे ६ किलोचे लागू शकतात. एका हंगामाचा नफा असाच कुरिअरवाल्याकडे जातो.

म्हणून हंगामाआधी एक रिकामं खोकं घेऊन पोस्ट, कुरिअर आणि एसटीची पार्सल सेवा या तिन्हीकडे दर विचारून यावेत. पुण्या-मुंबईच्या एकाच भागातल्या चार ग्राहकांचा माल एका खोक्यात पाठवता आला तर खर्च वाटून जातो. असा एक ग्राहक शोधावा जो बाकीच्यांचा माल उतरवून घेईल, त्याला अर्धा किलो पापड भेट दिले तरी परवडतं. गावची माणसं जत्रेला, सुट्टीला येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर माल पाठवणं सगळ्यात स्वस्त. कुरडई पिशवीत नको, कडक खोक्यात भरावी आणि रिकाम्या जागेत कागद कोंबावा. खोकं बंद करताना एक छोटा व्हिडिओ काढून ठेवावा. चुरा झाल्याची तक्रार आली तर तो उपयोगी पडतो.

नोंदणी आणि पाकिटावरची माहिती

मोबाईलवरून विकलं म्हणून कायदा सुटत नाही. खाण्याचा पदार्थ विकणाऱ्या लहान गटालाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर करता येते. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा आणि कॅटलॉगमध्येही लिहावा. शहरातला ग्राहक तो बघतो. उद्योगासाठीची 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देण्याचं कारण नाही.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावा ते, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण असावी. राज्याबाहेर नेहमी माल पाठवायचा असेल तर जीएसटीचे नियम वेगळे पडतात. त्याबद्दल तालुक्याच्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्यावं.

आणखी एक सांभाळायचं. 'नाचणीच्या पापडाने शुगर बरी होते' असं कधीही लिहू नये. मधुमेहासारखे आजार बरे होतात अशा जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंदी आहे. नाचणीचा पापड नाचणीचा आहे, एवढं सांगितलं तरी पुरतं.

पैसे घेताना पिन टाकायचा नसतो

धंद्याचा नंबर सगळीकडे फिरला की फसवणारेही फोन करतात. एक ठरलेली तऱ्हा अशी : 'मी लष्करात आहे, कॅम्पसाठी ५० किलो पापड पाहिजेत.' भाव न करता ऑर्डर देतो आणि 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका' म्हणतो. पिन टाकला की पैसे येत नाहीत, खात्यातून जातात.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे वाक्य गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. दुसरी तऱ्हा खोट्या स्क्रीनशॉटची. 'पैसे पाठवले' असा फोटो आला तरी खात्यात रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत पार्सल हलवू नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. लगेच १९३० या हेल्पलाईनवर फोन करावा आणि बँकेला कळवावं. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

फेसबुक, इन्स्टाग्राम कधी?

व्हॉट्सॲपवरच्या शंभर घरांचं काम नीट बसल्यावर पुढचं पाऊल टाकावं. फेसबुकवर बऱ्याच गावांचे, तालुक्यांचे ग्रुप आहेत. तिथे ॲडमिनला विचारून हंगामात एक-दोन पोस्ट टाकाव्यात. बाहेरगावची माणसं तिथेच असतात. इन्स्टाग्रामवर सोऱ्यातून कुरडई पडतानाचा व्हिडिओ लाखभर लोकांनीही बघितला, तरी त्यातल्या बहुतेकांना माल पोचवणं गटाच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली भाव, कुठे माल पाठवतो ती शहरं आणि व्हॉट्सॲप नंबर लिहावा. 'भाव काय?' म्हणणाऱ्याला 'इनबॉक्स बघा' म्हणण्यापेक्षा तिथेच भाव सांगितला, तर बाकीच्यांनाही कळतो.

पैसे भरून जाहिरात करायची असेल तर आधी एकूण रक्कम ठरवून मर्यादा घालावी, शहर निवडावं आणि बटण 'व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवा' हे ठेवावं. जाहिरात संपल्यावर त्यातून किती ऑर्डर आल्या ते मोजावं. खर्च निघाला नसेल तर तीच जाहिरात पुन्हा करू नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या किंवा कासच्या रस्त्यालगत दुकान असेल, तर गुगल मॅपवर ते मोफत नोंदवता येतं. जाणाऱ्या-येणाऱ्या पर्यटकांसाठी त्याचा उपयोग होतो.

तक्रार आली तर

माल चांगला असला तरी एखाद्या पार्सलात चुरा होतो, एखादा पापड जास्त खारट लागतो. अशा वेळी वाद न घालता त्याच दिवशी उत्तर द्यावं. 'फोटो पाठवा, पुढच्या पार्सलात भरून देऊ' एवढं बोललं तर तोच माणूस दहा जणांना सांगतो. मेसेज बघून तीन दिवस गप्प राहिलं, तरीही तो दहा जणांना सांगतो. समाधानी ग्राहकाने पाठवलेला तळलेल्या कुरडईचा फोटो त्याला विचारूनच स्टेटसला लावावा.

हंगाम संपल्यावर एक पान

मे अखेरीस गटाने एकत्र बसून वहीच्या एका पानावर पाच आकडे लिहावेत : किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं, त्यातले किती जण दुसऱ्यांदा आले, पार्सलवर किती गेले आणि किती माल शिल्लक राहिला. विचारणारे खूप आणि घेणारे थोडे असतील, तर भावात किंवा उत्तर देण्याच्या वेळेत काहीतरी चुकतंय. घेणारे खूप आणि पुन्हा येणारे थोडे असतील, तर चव किंवा पॅकिंग तपासावं. पार्सलचा आकडा मोठा असेल, तर पुढच्या वर्षी खोक्याचा आकार बदलावा.

या पानावर लाईकचा रकाना नसतो. शेवटचा आकडा, म्हणजे शिल्लक माल, दरवर्षी कमी होत गेला तर मोबाईल कामाला लागला असं समजावं.